आधी वही, मग मीटर, मग गाडी

मी अंबाजोगाईत बोअरच्या मोटारी भरतो. जळालेली सबमर्सिबल वर काढायची, दुकानात आणून वाइंडिंग करायचं, परत सोडायची, पॅनल-स्टार्टर बघायचा, हे माझं काम. चोवीस वर्षं झाली. त्यातली तेरा वर्षं डिझेलचा छोटा हत्ती चालवला आणि २०२४ च्या दिवाळीपासून विजेवरची चारचाकी मालवाहू आहे. ती दुकानासमोर उभी असली की कुणी ना कुणी थांबतंच. प्लंबर, फॅब्रिकेशनवाले, एसी-फ्रीजचे मेकॅनिक, मंडपवाले, सगळ्यांचा प्रश्न एकच: "मिस्तरी, घ्यावी का?"

मी त्यांना आधी एक वही करायला लावतो. महिनाभर रोज चार गोष्टी लिहायच्या: सकाळी निघताना गाडीचा मीटर, रात्री आल्यावरचा मीटर, त्या दिवशी गाडीत काय काय होतं, आणि रात्री गाडी कुठं उभी राहिली. एवढंच. पण महिना निवडताना धंद्याच्या गर्दीचा निवडा. मंडपवाल्यानं लग्नसराईचा धरावा, एसीवाल्यानं एप्रिल. आमचा गर्दीचा काळ म्हणजे मार्च ते जूनचा पहिला पाऊस. बोअरचं पाणी खाली जातं, मोटर कोरडी चालते, जळते, आणि शेतकऱ्याला ती त्याच दिवशी वर पाहिजे असते, कारण ऊस नाहीतर मोसंबी वाळत असते.

माझ्या वहीत सरासरी निघाली रोजची ५५ किलोमीटर. ती बघून कुणीही म्हणेल, घेऊन टाक. पण त्याच वहीत एप्रिलचे नऊ दिवस नव्वदच्या वर होते आणि एक दिवस १३८ चा होता: सकाळी घाटनांदूर, दुपारी परळीच्या खालच्या अंगाला, तिथून परत वर येऊन संध्याकाळी केजकडं. सरासरी तुमचं डिझेल किती वाचेल ते सांगते. गाडी तुम्हाला रस्त्यात सोडेल का, ते सर्वांत लांबचा दिवस सांगतो. दोन्ही आकडे वेगळे काढा आणि वेगळे वापरा.

कंपनीच्या कागदावरचे किलोमीटर ठरावीक चाचणीचे असतात. टाटाच्या एस ईव्हीला १५४ लिहिलेले आहेत, महिंद्राच्या तीनचाकी ट्रिओ झोरला १२५. आपली गाडी मात्र तिकाटणं (मोटर वर ओढायची लोखंडी तिपाई), चेन कप्पी, पाइप आणि दोन पोरं घेऊन पळते. कागदावरच्या आकड्याचे दोन तृतीयांश धरा आणि त्यातलेही शेवटचे पंधरा टक्के बॅटरीत शिल्लक राहतील असंच काम आखा. माझी गाडी वीसेक युनिटच्या बॅटरीवर भरलेली असताना १०० किलोमीटर देते, मे महिन्यात ९०. म्हणजे मी ८० च्या वरचा दिवस तिच्यावर टाकत नाही. त्या नऊ दिवसांसाठी जुना छोटा हत्ती ठेवलाय. दोघा भावांत किंवा शेजारच्या दोन दुकानांत मिळून एक डिझेलची गाडी ठेवता आली तर उत्तम. निदान पहिला उन्हाळा जाईपर्यंत जुनी गाडी विकू नका, हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो.

आता पैशाचं. मी हिशेब केला तेव्हा डिझेल ९२ रुपये लिटर होतं आणि भरलेला छोटा हत्ती लिटरला १६ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला पावणेसहा रुपये. माझी विजेची गाडी किलोमीटरला पाव युनिटापेक्षा जरा कमी खाते. गाडीच्या पडद्यावर ०.२० दिसतं, पण चार्जरमध्ये काही वीज उष्णतेत जाते आणि ती आपल्याच बिलात येते. म्हणून ०.२४ धरतो. पडद्यावर विसंबू नका, चार्जिंगच्या लाइनवर वेगळं सबमीटर बसवा आणि त्याचाच आकडा घ्या. विक्रेता इथंच "किलोमीटरला एक रुपया" म्हणून मोकळा होतो. युनिटाला किती रुपये, ते तो विचारत नाही.

तो प्रश्न मलाही उशिरा सुचला, आणि मी स्वतः वीजकाम करणारा माणूस. आमच्या घरचं बिल महिन्याला १३० युनिटचं. गाडी आली आणि ते ४६० वर गेलं. घरगुती वीज टप्प्यांनी महाग होते: १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. गाडीची सगळी वीज वरच्या महाग टप्प्यांत बसली. वहन आकार आणि वीज शुल्क धरून गाडीचं एक युनिट मला जवळजवळ १५ रुपयांना पडलं. म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या वर. महिन्याला १,३७५ किलोमीटर चालून बचत तीन हजारांच्या आत. बिलातला सरासरी दर धरून हिशेब केलात तर फसाल. जुन्या बिलात गाडीची युनिटं मिळवा आणि वाढलेल्या युनिटांवर किती रुपये वाढले तेवढं बघा.

मग वेगळं मीटर घेतलं. वीज ग्राहकांच्या हक्कांचे जे केंद्राचे नियम आहेत, त्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र जोडणी मागायचा हक्क ग्राहकाला मिळाला. आपल्या राज्याच्या दरपत्रकात विद्युत वाहन चार्जिंगचा वर्गही वेगळा आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. अर्जात 'विद्युत वाहन चार्जिंगसाठी' हे शब्द ठळक लिहा, नाहीतर जोडणी दुकानाच्या दरात टाकली जाऊ शकते. त्या मीटरवर मला युनिट दहाच्या आसपास पडतं. किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. महिन्याची बचत ४,६०० झाली. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त मीटर बदललं.

हे आकडे गाडीच्या किमतीशी लावून बघा. टाटानं जून २०२५ मध्ये एस प्रो आणली तेव्हा शोरूमची किंमत पेट्रोलला ३ लाख ९९ हजारांपासून आणि विजेवरच्या गाडीला साडेसहा लाखांपासून होती. फरक अडीच लाखांचा. महिना ४,६०० वाचले तर तो फरक साडेचार वर्षांत भरतो, तीन हजारच वाचले तर सात वर्षांत. वर कर्जाचं व्याज. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांचा ५ टक्केच राहिला, म्हणून फरक आणखी रुंदावला. त्याआधीचे व्हिडिओ बघून हिशेब करू नका.

यातून आपल्यासारख्यांना दोन्हीकडून मर्यादा पडते. पार्सलवाल्याची गाडी दिवसभर फिरते, आपली कामावर उभी राहते. पंख्याच्या वायरिंगसाठी गावातल्या गावात रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्याचं एवढं डिझेलच जळत नाही की वाचावं. त्यानं चारचाकी विजेची गाडी अजिबात घेऊ नये. आणि रोज शंभरच्या वर जाणाऱ्याला बॅटरी पुरत नाही. मधे साधारण ४५ ते ८० चा जो पट्टा आहे, तिथं ही गाडी खरंच कमावून देते. परभणीकडच्या माझ्या धंदेबंधूंना या पट्ट्याची सुरुवात जरा खाली धरता येईल, कारण मनमाडच्या डेपोपासूनच्या अंतरामुळं तिथलं पेट्रोल वर्षानुवर्षं राज्यात महागातलं आहे.

गावातच काम असलेल्या प्लंबरला किंवा एसीवाल्याला मी तीनचाकी बघायला सांगतो. वजन पाचशे किलोच्या आसपास नेते, बॅटरी छोटी असते, साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर रातोरात भरते. पण तिला चारपदरी रस्त्यावर घालू नका. मोठे ट्रक शेजारून गेले की ती हलते, आणि आपल्या पोरांचा जीव मागं हौद्यात असतो.

मीटरपासून सॉकेटपर्यंत

गाडी बुक करण्याआधी हे काम पूर्ण करा. माझ्या धंद्यातला भाग आहे म्हणून सविस्तर सांगतो.

घरी येणारा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो १४ ते १५ अँपिअर ओढतो, आणि तेही सलग सहा-सात तास. इस्त्री किंवा गिझर इतका वेळ चालत नाही. म्हणून भिंतीतलं जुनं १६ अँपिअरचं सॉकेट, दीड एमएमची वायर आणि मधले चार जोड यांच्यावर ही गाडी लावू नका, सॉकेट वितळतं. मीटरबोर्डपासून थेट चार एमएमची तांब्याची वायर ओढा, मधे जोड नको. वीस अँपिअरची एमसीबी (भार वाढला की पडते ती), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पडते ती) आणि औद्योगिक सॉकेट बसवा. घरचा मंजूर भार एक किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या.

अर्थिंग स्वतंत्र करा. आपल्याकडं मुरमाड जमीन उन्हाळ्यात इतकी वाळते की हिवाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात नुसती नावाला उरते. माझ्या खड्ड्यावर मी आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकतो, नळाला दहा दिवसांनी पाणी आलं तरी टाकतो. काही चार्जर अर्थिंग कच्ची असेल तर सुरूच होत नाहीत आणि लोक गाडीला दोष देतात.

आणि व्होल्टेजचं संरक्षण. यात मी चुकलो आणि मला महागात पडलं. गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाचं वारं आलं, आमच्या गल्लीच्या डीपीवरचा न्यूट्रल तुटला आणि २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्टेज घरात आलं. दुसऱ्याच्या मोटारीला मी रोज कटऑफ बसवून देतो, स्वतःच्या गाडीच्या लाइनला उद्या बसवू म्हणून राहिलं होतं. चार्जर जळाला. सुटा भाग यायला अकरा दिवस लागले, ऐन हंगामात. त्या अकरा दिवसांत जुना हत्ती नसता तर पाच-सहा गिऱ्हाइकं कायमची दुसऱ्याकडं गेली असती. व्होल्टेज वाढलं किंवा पडलं की लाइन तोडणारं उपकरण हजार-दोन हजारांत मिळतं. गाडीच्या आधी ते आणा. लाइनच्या शेवटाला राहत असाल तर रात्री दहा वाजता आणि पहाटे चार वाजता व्होल्टेज मोजून वहीत लिहा. १८० वर चार्जर बंद पडत असेल तर सकाळी गाडी अर्धीच भरलेली सापडेल.

शेतावर गेलो की प्रेमानं आग्रह होतो. "मिस्तरी, आमच्या पंपाच्या लाइनीवर लावा की तुमची गाडी, आम्हाला कुठं बिल येतंय?" साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, त्यामुळं देणाऱ्याला ते काहीच वाटत नाही. तरी लावू नका. शेतीच्या जोडणीवर गाडी भरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणं अनधिकृत वापर ठरतो आणि तपासणी झाली तर दंड त्या शेतकऱ्याच्या नावावर निघतो. ज्याच्या घरचा चहा प्यायलो त्याला त्यात घालायचं नाही.

छतावर सौर बसवायचा विचार असेल तर तो आणि वेगळं मीटर यांतलं एकच धरा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि तेवढे पॅनल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी बारा-तेरा युनिट देतात, माझ्या गाडीला लागतात तेवढेच. गाडी दिवसा बाहेर असते, पण दिवसाची वीज घरच्या मीटरवर जमा होते आणि रात्री वळती होते. मग गाडी घरच्याच मीटरवर ठेवावी लागते.

वजन, ऊन, घाट, चिखल

वहीतल्या सामानाचं वजन अंदाजानं लिहू नका. बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर एकदा भरलेली गाडी आणि एकदा रिकामी गाडी चढवा. माझा अंदाज होता साडेतीनशे किलो. निघाले ५४०, त्यात मी आणि दोन पोरं धरली नव्हती. दोन इंची दहा फुटी जीआय पाइपचा एक तुकडा पंधरा किलोचा असतो, वीस तुकडे म्हणजे तीनशे किलो झाले. एस ईव्हीची पहिली आवृत्ती ६०० किलोची होती, टनाची नंतर आली. घेताना कुठली आवृत्ती आहे ते कागदावर वाचा.

पाइपसाठी वर कॅरिअर लागतंच. ते नटबोल्टनं बसवा. फॅब्रिकेशनवाल्या मित्राकडं नेऊन थेट चॅसीला वेल्डिंग मारायचं नाही. वेल्डिंगचा करंट इलेक्ट्रॉनिक्समधून जाऊ शकतो आणि वॉरंटीही जाते. तसंच कामावर लाईट नाही म्हणून मोठ्या बॅटरीतून ग्राइंडरला वीज काढायचा जुगाड कुणी सुचवेल. नारंगी वायरींना हात लावू नका. त्या डीसी करंटनं जीव जाऊ शकतो. आपण एसीवर काम करून निर्ढावलेलो असतो, म्हणून जास्त सांगतोय.

उन्हात गाडी तापून आली की लगेच लावायची नाही. मी घरी आलो की तास-दीड तास तिला तशीच उभी ठेवतो, जेवण झाल्यावर लावतो. चिंचेखाली उभी करायला जागा मिळाली तर दोनशे पावलं चालायची माझी तयारी असते. बॅटरी लोह-फॉस्फेटची असेल तर आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरा, नाहीतर पडद्यावरचा टक्का हळूहळू खोटा दाखवायला लागतो.

घाटाची मला फार भीती होती. परळीहून वर येताना काय होईल, धारूरचा घाट जमेल का. हिशेब मांडून बघितला. पावणेदोन टनांची भरलेली गाडी २०० मीटर उंच चढवायला एक युनिट, फार तर सव्वा युनिट लागतं. म्हणजे पाच-सहा किलोमीटरचा फटका, आणि उतरताना त्यातलं थोडं परत येतं. उतारावर ब्रेक तापत नाहीत, हे तर डिझेलपेक्षा चांगलंच. बॅटरी खरी खातो तो वेग. लातूर रस्त्यावर ७० नं हाकली की आणि ४५ नं चालवली की, यात माझ्या गाडीला वीसेक किलोमीटरचा फरक पडतो. कॅरिअरवर पाइप असतील आणि समोरून वारा असेल तर आणखी.

चिखल मात्र खरा शत्रू. काळ्या रानातल्या पांदीत जुलैमध्ये ही गाडी नेऊ नका. चाकं लहान, पोट खाली. मी डांबरीवर उभी करतो आणि शेतकऱ्याला बैलगाडी किंवा ट्रॅक्टर पाठवायला सांगतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असेल तर थांबतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. विजेवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, ही सूट केंद्रानं २०१८ मध्ये दिली. पाटी हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे, एजंटाकडून ती लावून घ्या. समृद्धीवरची टोलमाफी विजेवरच्या मोटारी आणि बसना आहे, आपल्या मालवाहूला ती धरू नका. अनुदानाचं कुणी सांगितलं तर ते कोटेशनवर छापून मागा. छापलेलं नसेल तर हिशेबात शून्य धरा. पीएम ई-ड्राइव्हमध्ये तीनचाकींना अनुदान होतं, छोट्या चारचाकी मालवाहूला त्यात जागा नव्हती.

बॅटरीच्या वॉरंटीत दोन गोष्टी वाचा: किती वर्षं किंवा किती किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते, आणि बॅटरीची ताकद किती टक्क्यांच्या खाली गेली तर ते बदलून देतात. आणि विक्रेत्याला विचारा, ही गाडी उघडायचं प्रशिक्षण झालेला माणूस सर्वांत जवळ कुठं बसतो. लातूर असेल तर ठीक. छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे असेल तर गाडी ट्रकवर घालून न्यायचा खर्च कोण देणार, ते लिहून घ्या.

वही भरली, मीटरचा अर्ज दिला, वजन केलं, की मग डेमो मागा. शोरूमच्या दारातली चक्कर नको, पूर्ण दिवस मागा. स्वतःचं सामान भरा, स्वतःची माणसं बसवा आणि वहीतला वजनाचा आणि लांबीचा तुमचा नेहमीचा मोठा दिवस तिच्यावर काढा, दुपारच्या उन्हात. निघताना टक्का लिहा, प्रत्येक थांब्यावर लिहा, घाट चढायच्या आधी आणि चढल्यावर लिहा. संध्याकाळी पंचवीसच्या वर टक्के उरले तर दुसऱ्या दिवशी बँकेत जा. पंधराच्या खाली आले तर गाडी धुऊन परत द्या आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात परत मागा. मधल्यांनी एकदा माझ्या दुकानावर वही घेऊन या, आपण बसून बघू.